जुन्या क्लॅरिनेटची आंघोळ

ती. मामांना, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून दम लागतो का? इकडे सगळे ठीक, फक्त माझे ओठ सुजलेत. तुम्हाला आता क्लॅरिनेट फुंकवत नाही, तेव्हा तुमच्या पंचाहत्तरीला मी वाजवीन, असा शब्द मी सगळ्यांदेखत देऊन बसलो (जेवण अंमळ जास्त झालं होतं), त्याचा हा प्रसाद.

जुन्या बाजारातून एक क्लॅरिनेट आणलं. दुकानदार म्हणाला, "जरा साफ केलंत की बोलायला लागेल." त्याचे दोन तुकडे एकमेकांत असे रुतले होते की एक टोक मी आणि दुसरं तुमच्या भाचेसुनेने धरून ओढलं. सुटलं तेव्हा मी कपाटावर आदळलो आणि ती पलंगावर बसली. मग साफ करायचं म्हणून मी ते बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवलं (कोमट पाणी घेतलं, एवढी अक्कल होती). भोकं झाकणाऱ्या चाव्यांखालच्या गाद्या चहातल्या बिस्किटासारख्या फुगल्या आणि एकेक करून गळून पडल्या.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याने विचारलं, "धुतलंत?"

"थोडंसंच."

त्याने ते हातात घेऊन पिळल्यासारखं केलं आणि बराच वेळ हसला. पण नव्या गाद्या बसवल्या, सांध्यांना बुचाचं नवं अस्तर लावलं. घरी आणून फुंकलं, तर नुसती हवा. गाल दुखेस्तोवर फुंकलं. मग कळलं की तोंडाशी लावायची वेताची पट्टी मी उलटी बांधली होती. सुलट बांधल्यावर आवाज आला, पण तो ऐकून शेजारच्या काकू "कुणाला लागलं का?" म्हणत धावत आल्या.

तरी नेट सोडला नाही. आणि रविवारी दुपारी घरात एक लांब, स्वच्छ सूर घुमला. काकूंनी चक्क खिडकी उघडली (एरवी लावून घेतात). तेव्हा निश्चिंत असा, तुमच्या पंचाहत्तरीला क्लॅरिनेट वाजणार.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. तो सूर मी काढला नव्हता. मी झोपलो होतो. हिने धूळ पुसता पुसता सहज फुंकून पाहिलं आणि मला उठवून विचारलं, "एवढंच होतं का हो?" तेव्हापासून वाद्य तिच्याकडे आणि दुपारचा चहा माझ्याकडे आहे.

आणखी एक ता. क. तिला शिकवायला आठवडाभर इकडे येऊन राहा. गुडघ्याचं कारण सांगू नका, शिकवायला गुडघा लागत नाही. आणि कार्यक्रमात मीही उभा राहणार असं सगळ्यांना सांगून बसलोय, तेव्हा फुंकावं न लागणारं काहीतरी माझ्यासाठी बघून ठेवा.