भट्टी निवल्यावर

१२ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. कशी आहेस, हे तू सांगशील तेव्हा कळेल.

लाडानं खारूताई म्हणायचो तेव्हा कुठे ठाऊक होतं, की मोठेपणी खरंच खारीसारखं खाशील! दोन वर्षं झाली तुला घरी येऊन. त्या दिवशी मी सकाळपासून राबून टेबल भरलं आणि तू एक काकडी नि दोन संत्री खाऊन उठलीस. दूधतूप नाही, शिजवलेलं तर काहीच नाही. मी रागाच्या भरात बोलून गेले, की आईच्या हातचं चालत नसेल तर येऊच नकोस. तू ते अगदी मनावर घेतलंस. बेकरीवालीची लेक पावाला शिवत नाही म्हणून गिऱ्हाइकं हसतात. मीही हसते, दुकान बंद होईपर्यंत.

सोबत डबा आहे. सफरचंदाच्या चकत्या, फक्त सुकवलेल्या. अंगाच्या तापाहून फार जास्त ऊब तुला चालत नाही, हे लक्षात आहे माझ्या. पाव निघाले, निखारे ओढले आणि भट्टी निवू दिली. मग नेहमीसारखा आत हात धरून शंभर मोजले. हात सुखात राहिला, तेव्हाच ट्रे सरकवले. एवढं तरी माझ्या हातचं खा गं.

वाट पाहणारी,
आई

२६ जानेवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

डबा पोचला. चकत्या गोड आहेत, रंगही छान तांबूस आलाय. दुकानात चष्म्याच्या काचा घासता घासता खिशातून एकेक काढून खाते. आमचे मालक चौकशी करत होते, की चामडं चघळतेस की काय.

मी फळं खाते ती काही तुझ्यावर रुसून नाही. कच्च्या भाज्या, फळं खाल्ली की मला बरं वाटतं, इतकंच. पण खरं सांगू? इथे कोपऱ्यावर एक बेकरी आहे. रोज कामावर जाताना तिच्यासमोर दोन मिनिटं उभी राहते. घ्यायचं काहीच नसतं. नुसता वास घेते आणि पुढे जाते. बेकरीवाला आता मला पाहून मान डोलावतो.

डबा संपत आलाय, एवढ्यावरून काय ते समज.

तुझीच,
खारू

९ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद. हे पत्र आईला न सांगता लिहितोय.

तुझं पत्र आल्यापासून ती हवेत आहे. दुसरा डबा तयार होतोय. काल तिनं ट्रे आत सारल्यावर मीही सहज भट्टीत हात घातला. दहा मोजायच्या आत ओरडलो. दोन बोटांवर फोड आलेत. ती मात्र त्याच भट्टीत शंभर मोजून मोकळी झाली होती. चाळीस वर्षं तापलेले ट्रे ओढून तिच्या हाताला चटका समजेनासा झालाय, आणि इतकी वर्षं शेजारी राहून मला पत्ता नाही.

म्हणजे त्या चकत्या चांगल्याच शिजलेल्या असणार. तिला सांगायचा मला धीर होत नाही. तूच काय ते ठरव.

तुझे,
बाबा

१७ फेब्रुवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार, आणि आधीच माफी.

बाबांवर रागावू नकोस, त्यांनी हात भाजल्याचं मला कळवलं. त्या चकत्या शिजल्या होत्या, आई. मला पहिल्याच चकतीला कळलं होतं. तरी एकही टाकली नाही. दोन वर्षांत शिजवलेलं तेवढंच खाल्लं, तुझं म्हणून खाल्लं. यापुढेही मी फळं-भाज्याच खाईन. तू त्या आपल्या टेबलावर मांड, मी पोटभर जेवेन.

मला वाईट वाटलं ते तुझ्या हाताचं. लहानपणी ताप आला की तू कपाळावर हात ठेवून सांगायचीस, फार नाही, उतरेल. त्या हाताला आता ऊब कळत नाही आणि मी इतकी लांब, हे वाचून काचा घासायचं माझं यंत्र कितीतरी वेळ थांबून होतं.

येऊ नकोस म्हणाली होतीस, तरी शनिवारी येतेय. निखारे ओढलेस की थांब. आधी माझा हात आत धरू, मग तुझा. माझा टिकेल तेव्हाच ट्रे सरकवायचे. वेळ लागेल. तोवर दोघी भट्टीशी उभ्या राहू.

लोभ आहेच, राहिलेला तिथे येऊन घेईन.

तुझी,
खारू