क्लबहाऊसमधली गाढवी

आई,

ते गाढवीचं पुस्तक लिहिणारे लेखक गेले. मी सकाळी चहा गाळत होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर मोबाइल नुसता टुणटुण वाजत होता. रडणारे चेहरे, जोडलेले हात, 'आमचं बालपण गेलं.' तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं, कारण ते पुस्तक मला तुझ्याच आवाजात माहीत आहे. शहाडची आपली खोली. तू कोलशेतच्या कंपनीत दिवसभर बाटल्यांना लेबलं लावून आलेली, बोटांना डिंक तसाच. स्टोव्हवर भात चढवतेस आणि त्या घरघरीवर आवाज चढवून वाचतेस. गाढवीची नजर जाते, कुंभार तिला विकून टाकतो, आणि ती नव्या मालकाच्या दारात जुन्या घराकडे तोंड करून उभी राहते, तिथे मी हमसून रडते. तू पुस्तक मिटतेस. "रडून काय होणार? पुस्तकातल्या गाढवीला तहान लागत नाही. बाहेर विटांवाल्याच्या गाढवी उभ्यात, त्यांना बादलीभर पाणी ठेवून ये जा." किती राग आला होता मला तुझा! पण गेले होते बादली घेऊन, हुंदके देत.

आता मी कोलशेतलाच राहते, तुझ्या कंपनीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, अकराव्या मजल्यावर. आमच्या पार्किंगच्या उताराखाली एक तांबडी कुत्री राहायची. दिवाळीनंतर तिला तीन पिल्लं झाली. झाडलोट करणाऱ्या मावशी त्यांना पोळी घालायच्या. मग कुणाच्या तरी गाडीच्या सीटवर ओरखडे उठले, कुणाचा नातू घाबरला, आणि कुत्रीला पिल्लांसकट लांब सोडून यावं असा एक अर्ज फिरला. असं करणं कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून अर्जात 'स्थलांतर' असा शब्द घातला होता. माझ्या दारात कागद आला तेव्हा मी कुकर लावत होते. वाचला आणि सही केली. ओल्या हाताने केली, शाई थोडी फुटली. दोन दिवसांनी एक टेम्पो आला आणि चौघांना घेऊन गेला.

त्यानंतर पंधरा दिवसही झाले नव्हते, आणि लेखक गेले. सेक्रेटरींनी क्लबहाऊसमध्ये शोकसभा ठेवली. फोटोला हार, समया, बाहेर समोसे आणि कॉफी. माझ्याकडे जुनी प्रत आहे हे कळल्यावर मला एक पान वाचायला सांगितलं. ज्या बाईंनी अर्ज घरोघर फिरवला होता त्या माइक धरून म्हणाल्या, "या पुस्तकाने मला मुक्या जिवांवर प्रेम करायला शिकवलं." गाडीच्या सीटवाले गृहस्थ म्हणाले, की आपण आजही गाढव दिसलं की हात जोडतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई, मला त्या सगळ्यांची शिसारी आली. समोशाच्या तेलाचा वास, हारातल्या निशिगंधाचा वास आणि ते ओले, समाधानी चेहरे. आणि मग मी उभी राहिले आणि तेच पान वाचलं. आवाज बरोबर जिथे कापायला हवा तिथे कापला. पुढच्या रांगेत रुमाल निघाले. ते मला आवडलं. शिसारी खरी तिथून सुरू झाली, इतरांची नाही, माझी.

बाहेर आले तर मावशी कप गोळा करत होत्या. हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही लई छान वाचलंत. ती पिल्लं कुठं सोडली ओ? तुम्ही विचारलंत तर सांगतील. मला नाय सांगत." मी सेक्रेटरींना गाठलं. ते समोसा खात होते. "मॅडम, तो विषय आज नको ना प्लीज. आज वातावरण किती वेगळं आहे बघा." मी हटले नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "शहाडला, नदीच्या बाजूला कुठेतरी. आणि तुमची पण सही आहे हां अर्जावर." हे त्यांनी मोठ्याने म्हटलं. मावशींनी ऐकलं. कप उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शहाडला गेले. आपली चाळ नाही आता, तिथे बिल्डिंग आहे. स्टेशनवरून रिक्षा केली, नदीच्या रस्त्याने चकरा मारल्या, टपरीवाल्यांना विचारलं. उल्हासच्या काठाला जलपर्णी आणि प्लास्टिकचा थर, वास असा की पदर नाकावरून काढवेना. कचऱ्याच्या ढिगाशी ती दिसली. बरगड्या मोजता येत होत्या, एक कान फाटलेला. पिल्लं कुठेच नव्हती. मला बघून तिने आधी अंग चोरलं, मग ओळखलं. शेपटी हलवत, अंग वाकडं करत आली आणि माझ्या चपलेवर डोकं घासायला लागली. मी बिस्किटांचा पुडा फोडून टाकला. रिक्षावाला म्हणाला, "घेऊन जायचीय का हिला? बसवा पाठी, आपल्याला काय प्रॉब्लेम नाय."

मी उभी राहिले. लिफ्टमध्ये कोण कोण भेटेल ते डोळ्यांसमोर आलं. सोफा आठवला, सूनबाईचा चेहरा आठवला. तिच्या अंगाला घाण वास येत होता, आई, खरंच येत होता.

मी एकटीच रिक्षात बसले. मावशींना सांगितलं, सापडली नाही. ग्रुपवर अजून माझ्या वाचनाचं कौतुक चालू आहे, मी प्रत्येकाला हात जोडलेले पाठवते.

रिक्षा सुटली तेव्हा ती मागून धावत आली होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा जोरात घ्या. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तू असतीस, तर तुलाही सांगितलं नसतं.