पट्टीआडचं ऊन

२१ एप्रिल
ऊन! वरून आकाशातलं, खालून बर्फावरचं. नाकपुड्या आतून सोलल्या. पाहुणे यायच्या आधी वाट तपासायला निघालो, आणि अस्लाकचा काळा चष्मा पहिल्याच घळीत पडला. बायकोचा धाकटा भाऊ, माझाच नोकर, तोंड मात्र मालकाचं! "दाजी, खाणीत कोळसा उपसून सहलींची कंपनी काढलीस, पण जादा चष्मा आणायला विसरलास!" खरंय. पुठ्ठ्याला चीर पाडून दिली डोळ्यांवर बांधायला.

२२ एप्रिल
पुठ्ठा पुरला नाही. अस्लाकचे डोळे वाळू भरल्यासारखे, पाणी खळत नाही. बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजले, आंधळा झालाय; पट्टी बांधली. दोन-तीन दिवसांत उतरेल. निघताना बेरिट म्हणाली होती, "माझ्या भावाला धड परत आण." दोघांच्या कमरेला एकच दोर. मी पुढे, तो मागे. बंदूकही माझ्याकडेच — आंधळ्याला कसलं दिसतंय अस्वल! गोठलेली खाडी ओलांडली की झोपडी.
दुपारी धुकं. खाचखळगे कळेनात, म्हणून चष्मा कपाळावर सरकवला. आम्ही वाटाडे सगळेच सरकवतो. धुक्यात कसलं आलंय ऊन!

२३ एप्रिल
धुकं फिटलं. लख्ख! इतकं, की सावलीच नाही. वळून पाहिलं — अस्लाकलाही नाही.
डोळे चुरचुरतायत. झोप कमी झाली असणार.
"दाजी, स्कीचा आवाज दबलाय. बर्फ पडतोय का?"
"गप चाल. ऊन आहे."
आता तंबूवर बारीक भुरभुर ऐकू येतेय. डोकं बाहेर काढलं. नुसतं ऊन.
त्याला बोललो नाही.

२४ एप्रिल
पेन्सिल फिकट उमटतेय. दाबून लिहितो.
आज पुढ्यात चुळचुळ. पाण्याची! डोळ्यांसमोर मात्र सपाट पांढरी खाडी, उन्हात न्हालेली. पण खाणीत छत कुरकुरलं की सगळ्यांआधी मी पळायचो — कानांनी मला कधी फसवलं नाही. थांबलो.
"अस्लाक, पट्टी काढ. समोर बघ."
पट्टी वर सरकवून त्याने डोळे किलकिले केले.
"दाजी... हलू नकोस. तुझ्या स्कीची टोकं पाण्यावर आहेत."
दोर धरून त्याने मला मागे ओढलं.
"एवढ्या उन्हात मला दिसलं कसं नाही?"
"कसलं ऊन? कालपासून बर्फ पडतोय. अंगावर साचलाय बघ तुझ्या!"

२५ एप्रिल
चाचपडत लिहितोय. झोपडीत पोचलो. बेरिटचा भाऊ धड आहे. पुढे तो होता, बंदूक त्याच्याकडे, पट्टी माझ्या डोळ्यांवर. म्हणतो, दार लावलंय, दिवाही विझवलाय.
ऊन अजून आहे.