शेऱ्याचा रकाना

६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन शिपाई लागतील.

बातमी अशी की तुझा भाऊ क्रीडाशिक्षक झाला आहे. हसून घे, मी थांबतो. झालं असं की शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत मुलं मोकाट असतात, आणि त्याच दोन-तीन तासांत नको ती संगत लागते, असं आमच्या साहेबांच्या लक्षात आलं. तर ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांना रोज खेळवायचं आणि मग तासभर अभ्यासाला बसवायचं. कल्पना चांगलीच आहे. पण हे कोण करणार असं साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळे शिपाई एकदम बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकले. मला वाकता येत नाही. त्यामुळे उभा असा मीच दिसलो.

फुटबॉल ठरला. जप्तीच्या गाड्या एका बाजूला ढकलून जागा केली. एक गोल म्हणजे दोन गंजक्या मोटारसायकली, दुसरा म्हणजे दोन पिंपं. नियम मी पुस्तकातून पाठ केले होते, पण पहिल्याच दिवशी शिट्टी तोंडात गेली आणि एकतीस वर्षांची सवय उफाळून आली. शिट्टी फुंकून मी हात आडवा केला आणि वाहतूक थांबवली. मुलं थांबली, चेंडू थांबला नाही. तो माझ्या पोटावर आपटून पिंपांमधून आत गेला. तो गोल कोणाचा धरायचा यावर अजून वाद चालू आहे.

एवढं हसं होऊनही, किंवा त्यामुळेच, आता अठ्ठावीस मुलं-मुली येतात. त्यांत तेरा वर्षांची एक मुलगी आहे, तिला सगळे खार म्हणतात. ती गोलात उभी राहते आणि काहीही अडवते. चेंडू मागच्या भिंतीपलीकडे गेला की मी नुसतं तिच्याकडे बघायचं, सात फुटांची भिंत ती तीन सेकंदांत पार करते. तिची आई लाँड्रीत कामाला आहे. मुलगी रोज पोलीस ठाण्यात जाते हे लोकांना काय सांगू, म्हणून ती आधी पाठवायलाच तयार नव्हती. मी तिला शब्द दिला की माझ्या जबाबदारीवर पाठवा, तुमच्या मुलीच्या केसाला धक्का लागणार नाही.

हजेरीही अगदी चोख ठेवतो. नवी वही मिळेना, म्हणून कपाटातली एक जुनी घेतली. तिच्यात रकाने आधीच आखलेले आहेत: नाव, टोपणनाव, ओळखीच्या खुणा, सोबती, सवयी, शेरा. रिकामा रकाना मला बघवत नाही हे तुला माहीत आहेच. खारीचं असं लिहिलंय: खूण, डाव्या भुवईवर व्रण. सवय, उंच भिंतीवरून ये-जा. शेरा, हात अतिशय चपळ, हाती आलेलं सोडत नाही. कौतुक माझ्याच्याने याहून बरं लिहून होत नाही.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? हिचा तुला नमस्कार. ही म्हणते, या वयात पाय मोडून घेतलात तर मी बघणार नाही.

माया आहे तेवढीच राहू दे, आमची थट्टा थोडी कमी कर.
तुझा धाकटा

१४ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. तुझं पत्र भाऊजींना मोठ्यांदा वाचून दाखवलं. ते इतके हसले की गुडघ्याचं दुखणं विसरून उठून उभे राहिले आणि मग ओरडले. तेव्हा गुडघा कसा आहे ते तुला कळलंच असेल.

लहानपणी चेंडू दिसला की तू माझ्या पाठीमागे लपायचास, आणि आता दुसऱ्यांच्या मुलांना खेळवतोस. तुझ्या साहेबांचं नशीब. पण खरं सांगू का, बरं वाटलं. एकतीस वर्षं तू लोकांना पकडून आणलंस, आता कोणीतरी आपल्या पायाने तुझ्याकडे येतंय.

एक मात्र मला खटकलं. ती वही बदल. मुलांच्या सवयी आणि सोबती लिहायचं तुला काय अडलंय? नुसती नावं लिही आणि पुढे खुणा कर. मी वॉर्डची सिस्टर होते, कागदावर काय चढतं आणि मग ते कसं कोणाच्याही हाती लागतं हे मी पुष्कळ पाहिलंय. वही दोन रुपयांना मिळते, तेवढे माझ्याकडून घे.

खारीला माझा आशीर्वाद सांग. भावजयबाईंना म्हणावं, मोडलेला पाय घेऊन तो माझ्याकडे आला तर मीही बघणार नाही.

आठवण ठेव, वही बदल.
तुझी ताई

५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. वही बदलली नाही. आज बदलू, उद्या बदलू असं करत राहिलो. आता तू कान धरायच्या आधी मीच धरतो.

गेल्या महिन्याच्या शेवटी साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब आले. त्याच आठवड्यात ठाण्यामागच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून हत्यारांची पेटी आणि दोन नवे टायर गेले. चोर मागची भिंत चढून आला असणार असं ठरलं. नव्या साहेबांनी इथल्या संशयितांची वही मागवली. एका नव्या शिपायाने कपाट उघडलं, रकाने बघितले आणि माझी हजेरीची वही नेऊन टेबलावर ठेवली. वरती काही लिहिलेलंच नव्हतं, त्याची काय चूक?

साहेबांनी वही वाचली आणि अक्षराची तारीफ केली. एकतीस वर्षांत कोणी वरिष्ठाने माझ्या अक्षराची तारीफ केली नव्हती, ती झाली तीही अशी. मग त्यांचं बोट उंच भिंतीवरून ये-जा या ओळीवर थांबलं, तिथून सरकून चपळ हातांवर गेलं, आणि जीप निघाली.

खारीला आणि तिच्या आईला लाँड्रीतून उचलून आणलं, भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर. दोन तास बसवलं आणि सोडलं. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. दुकानदाराच्या मेव्हण्याने स्वतःच्या कामाला पेटी नेली होती, टायरही त्यानेच नेले होते, आणि सांगायचं राहून गेलं होतं. साहेब म्हणाले प्रकरण मिटलं.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता सहा मुलं आली. त्यांतली तीन आपापल्या अभ्यासाच्या वह्या परत न्यायला आली होती. उरलेल्या तिघांत गोलात कोणी उभं राहीना, तर आता मी उभा राहतो. मोटारसायकलींच्या मधली निम्मी जागा माझ्या पोटानेच अडते, तरी काल नऊ गोल झाले. बाहेरच्या चहावाल्याने मला विचारलं की साहेब, तुम्ही कोणत्या बाजूने खेळता.

हसावं की रडावं कळत नाही, म्हणून आपला हसतोय.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा धाकटा

९ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

दुकान लिहिलंस, मेव्हणा लिहिलास, अक्षराची तारीफ, चहावाला, नऊ गोल, सगळं लिहिलंस. त्या मुलीला दोन तास बसवलं तेव्हा तू कुठे होतास ते लिहिलं नाहीस. सुट्टीवर असतास तर तेवढंच आधी लिहिलं असतंस, मी ओळखते तुला.

तुझी ही खोड लहानपणापासूनची आहे. काही चुकलं की आधी स्वतःचीच नक्कल करून सगळ्यांना हसवायचं, मग कोणी पुढे विचारत नाही. बाबा फसायचे. मी फसत नाही.

तेव्हा खरं काय ते लिही. मी रागावणार नाही, आणि रागावले तरी तू इतक्या लांब आहेस की हात पोहोचणार नाही.

वाट बघतेय.
ताई

१६ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार. चार वेळा कागद फाडला.

मी त्याच खोलीत होतो. दाराजवळ उभा होतो. ती समोरच्या बाकावर, आईला चिकटून. साहेबांनी तिला काय काय विचारलं, ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग साहेबांनी मला विचारलं की ही मुलगी ती भिंत चढू शकेल का. मी सांगायला हवं होतं की ती भिंत चढते ती माझ्यासाठी, माझा चेंडू आणायला, आणि ती वही माझी आहे, हजेरीची आहे. जिभेवर आलंही होतं. पण साहेब नवे, त्यांचा आवाज चढलेला, आणि मी ताठ उभा राहून म्हणालो की हो साहेब, तीन सेकंदांत.

एवढंच बोललो. वही कसली ते साहेबांना बाहेर गाठून सांगितलं, तेही तासाभराने, नाक मुठीत धरून. तेव्हा तिला सोडलं.

आणि याहून वाईट आहे ते हिलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी सकाळी चोरीची खबर आली तेव्हा वही अजून कपाटातच होती. चोर भिंत चढून आला हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे पहिला चेहरा तिचा आला. क्षणभरच. पण आला. तिच्या आईला शब्द दिलेला माणूस मी.

परवा साहेबांना लेखी दिलं की त्या वहीतल्या नोंदी माझ्या आहेत, त्यांचा गुन्ह्यांशी संबंध नाही, आणि मुलांची नावं ठाण्याच्या कोणत्याही यादीत राहू नयेत. साहेब तसे वाईट नाहीत. त्यांनी समजावलं की हे लिहून दिलंस तर तुझ्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा ठपका येईल, निवृत्तीला आठ महिने उरलेत, कशाला वाढवतोस. म्हटलं येऊ दे. सगळ्या नावांवर काट मारून घेतली आणि खाली सही केली. ते जमलं.

लाँड्रीपर्यंत जाणं जमत नाही. दोनदा कोपऱ्यापर्यंत गेलो आणि शेपूट घालून परत आलो. काय करू, सांग.

तुझा
धाकटा

२० ऑक्टोबर

चि. भावा,
आशीर्वाद. रागावले होते, पण पत्र वाचून संपेपर्यंत राग टिकला नाही.

जा. गणवेश घालून जा आणि भर दुपारी जा. जीप दुपारी आली होती ना, मग तूही दुपारीच जा, गल्ली बघू दे. खाऊ वगैरे काही नेऊ नकोस. तिच्या आईसमोर त्या मुलीला दोन्ही गोष्टी सांग, खोलीत बोललास ती आणि सकाळी मनात आली ती. आणि हात जोडते, विनोद करू नकोस. तू विनोद केलास तर तीही बिचारी मोठ्या माणसाचं मन राखायला हसेल आणि विषय तिथेच संपेल.

मी मोठी शहाणी म्हणून सांगत नाही. वॉर्डात एकदा एका रुग्णाचं घड्याळ हरवलं आणि मी सगळ्यांदेखत आयाबाईंची पिशवी उलटी केली. घड्याळ दुपारी त्या रुग्णाच्याच उशीखाली सापडलं. आयाबाईंना नंतर सांगू, निवांत सांगू, असं म्हणत मी सहा वर्षं काढली आणि त्या नोकरी सोडून गेल्या. कुठे गेल्या ते मला माहीत नाही. सगळ्यांना शिस्त शिकवणारी मी, माझ्याच्याने एवढं झालं नाही. तुला पत्ता तरी माहीत आहे.

जाऊन आलास की लगेच लिही. काय होईल ते होवो.
तुझी ताई

२९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. जाऊन आलो.

गणवेश इस्त्री करून घातला. लाँड्रीच्या दारात पोहोचलो तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तिची आई मला बघून हातातलं काम टाकून उभी राहिली आणि आता काय राहिलं, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, माझं सांगायचं राहिलं. आत वाफ इतकी होती की चष्मा पांढरा झाला, त्यामुळे मागे गठ्ठ्यावर बसलेली खार मला दिसलीच नाही. ती माझ्या बोलण्याच्या मध्येच समोर येऊन उभी राहिली.

तिला दोन्ही सांगितलं. सकाळचं आधी, खोलीतलं नंतर. एक विनोद अगदी ओठांवर आला होता, माझ्या घामाबद्दल. तो गिळला. तुझ्या आज्ञेत आहे हे लक्षात असू दे.

खार म्हणाली की चौकशीचं तिला काही नाही, त्यांच्या गल्लीत चौकशी कोणाकोणाची होते. पण तीन सेकंदांत हे मी ज्या आवाजात म्हणालो तो आवाज तिला रोजचा ओळखीचा होता. ती गोल अडवायची तेव्हा मी त्याच आवाजात मुलांना तिचं कौतुक सांगायचो. म्हणून ती येत नव्हती.

मी म्हटलं, तू ये किंवा नको येऊस, तुझ्यावर कसलीच जबरदस्ती नाही, माझं चुकलं ते चुकलंच. आणि निघालो. दारापर्यंत आलो तेव्हा तिने मागून विचारलं की गोलात आता कोण असतं. म्हटलं मीच असतो. ती म्हणाली, माहीत आहे. दहा दिवस ती सायकलच्या दुकानामागून भिंतीवर डोकं काढून बघत होती. आणि मग, आई बघतेय याची पर्वा न करता, तिने मला सांगितलं की चेंडू आला की तुम्ही डोळे मिटून घेता. उघडे ठेवले तर लागतं, पण कमी लागतं. नीट शिकायचं असेल तर उद्या येऊन दाखवते.

काल चार वाजता आली. आई सोबत होती, फाटकाबाहेर उभी राहून सगळा खेळ संपेपर्यंत बघत होती. आज अकरा मुलं होती. खार मला गोलात उभं करते, दहा पावलांवरून चेंडू मारते आणि प्रत्येक वेळी ओरडते की डोळे उघडे. आज वीसपैकी तीन वेळा उघडे राहिले. छातीवर मोठा निळा वळ आलाय, त्यावर काय लावू ते उलट टपाली कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगत,
तुझा धाकटा