कालच्या पावसाची तारीख

आबा,

परवा ऑफिसात तुमचा विषय निघाला. नाव कुणी घेतलं नाही, तिथे ते फारसं कुणाला ठाऊकही नाही. पण मुळशीची पावसाची वही म्हटलं की ती तुमचीच. पदवीनंतर हवामानावर संशोधन करणारे विद्यार्थी आमच्याकडे जुने आकडे बघायला येतात. त्यातल्या एका नव्या मुलाने आमच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं, "सर, तुमच्या प्रबंधात घाटाजवळची सगळी ठिकाणं आहेत, मग मुळशीच कशी नाही?" साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तिथल्या म्हाताऱ्यानं तारखांचा घोळ घालून ठेवलाय. ती बारा वर्षं सोडून दे." मग त्यांची नजर माझ्या टेबलाकडे गेली आणि आवाज उतरला. "माणूस मात्र चांगला होता," म्हणाले. मी आकडे उतरवत होतो. माझा हात थांबला नाही. त्या पानावर एकही चूक झालेली नाही, हे मी संध्याकाळी दोनदा तपासलं. तुम्हाला जाऊन नऊ पावसाळे झाले. हे साहेब म्हणजे तेच, जे आपल्याकडे यायचे तेव्हा स्वतःच विद्यार्थी होते आणि चुलीपुढे पाटावर बसून आईच्या हातची नाचणीची भाकरी खायचे.

तलावाच्या वरच्या अंगाला सरकारी बंगला, तुम्ही त्याचे चौकीदार, आणि बंगल्याच्या मागच्या अंगणात चौथऱ्यावर ते पाऊस मोजायचं यंत्र. तुम्ही त्याला नळकांडं म्हणायचात. सकाळी साडेआठला, बंगल्यातल्या घड्याळात बघून, तुम्ही डोक्यावर इरलं घेऊन बाहेर पडता. वरचं नरसाळं काढता, आतली बाटली उचलता. मापाचा ग्लास अर्ध्या इंचाचा, आणि आषाढात तर बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात उतरलेलं असतं. ते सगळं अर्ध्या अर्ध्या इंचाने मोजायचं. मोजणी चुकू नये म्हणून दर ग्लासामागे तुम्ही कठड्यावर एक चिंचोका ठेवता. ओठ हलत असतात. मध्ये कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. आई दारातून म्हणायची, "आभाळातलं पानी थेंबाथेंबानं मोजत्यात, आन घरातला हंडा रिता हाय त्ये दिसत न्हाई." तुम्ही शेवटचा चिंचोका ठेवून मगच वळायचात. "सरकारनं हंडा मोजाया सांगितला तर त्यो बी मोजीन," असं म्हणायचात आणि हंडा घेऊन विहिरीकडे जायचात. तुमचे बोल मी तुम्ही बोललात तसेच लिहितो आहे. शाळेत ते तांबड्या शाईने खोडले असते.

तुम्हाला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते आणि तारखांचे रकाने कळत होते. सकाळी मोजलेला पाऊस तुम्ही कालच्या तारखेपुढे लिहायचात. मी एकदा विचारलं होतं, असं का? तेव्हा मी सहावीत होतो, आणि त्याच साली पौडची शाळा लांब पडते म्हणून माझी शाळा सुटली. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की याला एवढंही कळू नये. "दिस सोमवारचा, रात सोमवारची, मंग पाऊस मंगळवारचा कसा? मंगळवार तर आत्ता कुटं उजाडलाय." मला ते पटलं. कुणालाही पटेल. सरकारात वर फक्त महिन्याची बेरीज जायची, रोजचे आकडे वहीतच राहायचे, म्हणून बारा वर्षं कुणी तुम्हाला हटकलं नाही.

मग पुण्याहून पत्र आलं, की एक विद्यार्थी पाऊस आणि घाट यांवर संशोधन करतो आहे आणि दसऱ्यानंतर मुळशीची वही बघायला येणार आहे. ते इंग्रजी पत्र तलाठ्यांनी समजावून सांगितलं, तेव्हा तुम्ही टोपी नीट केलीत. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला एकच काळजी लागली, की वही कशी दिसते. त्या पावसाळ्यात बंगल्याचं छप्पर कपाटावर गळलं होतं. निम्मी पानं एकमेकांना चिकटली होती, शाई पसरली होती. मी तुम्हाला म्हटलं, नवी वही आणतो आणि सगळं सुबक उतरवतो. तुम्ही म्हणालात, "कर. पर आकडा हलवू नगंस." तुमच्या त्या एका वाक्यावर मी किती वेळा परत आलो आहे, त्याला मोजणी नाही.

कोरडी पानं मी आधी उतरवली, होती तशी, तारीख न तारीख. ओली पानं सुटी करून चुलीजवळ वाळत घातली. त्यांच्याबरोबर जुन्या वहीचा पुठ्ठाही भिजून सुटला होता आणि त्याच्या आत एक छापील कागद चिकटवलेला निघाला. मराठीत होता. पाऊस ज्या सकाळी मोजला त्याच सकाळच्या तारखेपुढे लिहावा, असं त्यात स्वच्छ होतं. मी तो चार वेळा वाचला. बारा वर्षं माझे वडील चुकत होते आणि आता एक शिकलेला माणूस येऊन ते बघणार होता. तुम्ही अंगणात लाकडं फोडत होता. मला तुम्हाला सांगवलं नाही. मी वाळलेली पानं घेतली आणि त्यांतला प्रत्येक आकडा एक तारीख खाली सरकवून लिहिला. ओली पानं सलग नव्हती. कुठल्या सालातला एखादा महिना, कुठल्या सालातले दोन. ती झाली, की आधी उतरवलेली कोरडी पानंही फाडून पुन्हा दुरुस्त लिहायची, असं मी ठरवलं होतं. त्याला दोन दिवस पुरले असते. विद्यार्थी दोन दिवस आधी आला, लाकडाच्या ट्रकवर बसून, धुळीने भरलेला. खालच्या वळणावर ट्रक दिसला आणि मी जुन्या वहीची पानं गोळा करून आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. दोन्ही वह्या शेजारी शेजारी दिसल्या तर माझी लबाडी कळेल, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. त्या चुलीतली कागदाची राख दुसऱ्या सकाळी तुम्हीच काढलीत.

नवी वही पाहून ते खूष झाले. अंगणातल्या मातीत काटकीने त्यांनी समुद्र काढला, घाट काढला, पुणं काढलं. ढग समुद्रावरून येतो, घाट चढताना वर जातो, थंड होतो आणि इथेच रिकामा होतो, असं ते तुम्हाला सांगत होते. तुम्ही उकिडवे बसून ऐकत होता. "म्हंजी पुन्याचं पानी आमीच हितं अडवतो म्हना की," तुम्ही म्हणालात. ते इतके हसले की काटकी मोडली. "बाबा, हे वाक्य मी प्रबंधात घालणार," म्हणाले आणि वही घेऊन गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यापासून पुढची वही लिहायचं काम मी माझ्याकडे घेतलं. तुम्ही चिंचोके मोजून आकडा सांगायचात, मी तो आजच्या तारखेपुढे लिहायचो. तुम्ही रकान्याकडे बघायचात आणि चिंचोके गोळा करायचात. दुसऱ्यांदा साहेब आले ते उन्हाळ्यात, आणि आल्या आल्या त्यांनी तुमचे दोन्ही हात धरले. त्यांना एक शोध लागत होता. पुण्याला आणि आसपास पाऊस ज्या तारखेला पडतो, त्याच्या आदल्या दिवशी मुळशीला पडलेला असतो. पुष्कळ महिन्यांत तसंच दिसतं आहे, घाटावरचा पाऊस बघून पुढच्या दिवसाचा अंदाज सांगता येईल, असं ते म्हणाले. "बाबा, ही गोष्ट तुमच्या वहीनं दाखवली." तुम्ही लाजलात. मी तुम्हाला त्याआधी कधी लाजताना पाहिलं नव्हतं. "पाऊस कोकनातनं चढून येतोय, सायेब. दमून पयला हितंच टेकनार," असं काहीतरी म्हणालात. मी दाराशी उभा होतो. तो शोध म्हणजे तुमचा सोमवार आणि मंगळवार होता, दुसरं काही नव्हतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि साहेब निघेपर्यंत बाहेर आलो नाही.

तिसऱ्यांदा ते थंडीत आले आणि अंगणात बसलेच नाहीत. बंगल्याच्या ओसरीवर त्यांनी वही उघडली. काही महिने एक दिवस आधी चालतात, काही बरोबर चालतात, असा पाऊस नसतो, ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता.

"कुणीतरी तारखा हलवल्या आहेत, बाबा. जुनी वही दाखवा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच.

"जुनी भिजली व्हती, सायेब. चुलीत घातली. म्याच."

"आणि तारखा?"

"त्या बी म्याच सांगितल्या याला. ह्यो निस्ता लिवनार. म्हातारपन हाय, घोळ झाला."

"कुठल्या महिन्यांत हलवल्या ते तरी आठवतं? तेवढं कळलं तरी मी सगळं जागेवर आणीन."

तुम्हाला ते कुठून आठवणार? तुम्ही हलवल्याच नव्हत्या. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. मी तिथे उभा होतो, चार हातांवर, आणि साहेब म्हणाले, "अंदाजानं हलवायला मला येतं, पण मग तो पाऊस माझा झाला, आभाळाचा नाही. या वहीवर मी दोन वर्षं घालवली, बाबा." त्यांनी वही मिटली. तुम्ही हात जोडलेत. आणि ते जायला वळले तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला अजूनही सहन होत नाही. "सायेब, माजं सोडा. पर पोराचं अक्षर बगा. आकडा कसा मोत्यावानी काडतोय. त्येला कुटंतरी लावा."

मला ऑफिसात घेतलं ते त्या वहीतलं अक्षर बघून. पुढच्या महिन्यात गाडी येऊन यंत्र घेऊन गेली, ते दुसरीकडे बसवणार होते. चौथऱ्यावर चार खिळ्यांची भोकं राहिली. आई सांगायची, की मी पुण्याला गेल्यावर तुम्ही साडेआठला उठून मागच्या अंगणात जायचात, जरा उभे राहायचात आणि परत यायचात. "काय बगताय?" विचारलं तर म्हणायचात, "काय न्हाई. पाऊस किती झाला आसंल, त्ये." मला तुम्ही रागाचा एक शब्द बोलला नाहीत. निघायच्या दिवशी मी पाया पडलो तेव्हा पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणालात, "तुजं अक्षर लई चांगलं हाय. बेतानं वापर." दुसऱ्या आषाढात तुम्ही गेलात. तार मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तीन दिवस धुवांधार पडत होता, आणि तो किती पडला हे कुठल्याच वहीत नाही. मी नंतर शोधलं.

साहेबांनी प्रबंध पुरा केला, मुळशी सोडून. टंकलिखित प्रत ऑफिसात आहे. माझं इंग्रजी बेताचंच, तरी जेवणाच्या सुट्टीत मी एकेक शब्द लावून ती वाचत गेलो, आणि एका पानाच्या तळाशी बारीक टाइपात तुमची ओळ सापडली. निरीक्षकाच्या चुकीमुळे या ठिकाणचे आकडे वगळले आहेत. निरीक्षक म्हणजे तुम्ही. सगळ्या प्रबंधात तुमच्याविषयी तेवढंच आहे. पुण्याचं पाणी अडवण्याचं वाक्य नाही.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. ओली पानं चुलीजवळ वाळत घालताना मागेपुढे होऊ नयेत म्हणून मी त्या महिन्यांची एक यादी केली होती. जुनी पानं जाळली तेव्हा ती माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिली आणि पुढे सदरे बदलले तरी मी ती जवळच बाळगली. साहेब ओसरीवर तुम्हाला विचारत होते, कुठले महिने, तेव्हाही ती खिशातच होती. आज माझ्या ट्रंकेत आहे. तुमची वही ऑफिसाच्या कपाटात आहेच; ही यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली तर दुपारपर्यंत तुमची बारा वर्षं जागेवर बसतील, एकेक दिवस, एकेक चिंचोका. तो नवा मुलगा मुळशीसकट सगळं मांडू शकेल. फक्त साहेब मला विचारतील, ही इतकी वर्षं कुठे होती? नोकरीची भीती आहे, ते नाकारत नाही. पण त्याहून मोठी भीती ही, की तुम्ही हात जोडून उभे होता आणि मी यादी खिशात घेऊन बघत होतो, हे त्यांना कळेल. आईला कळेल. ती अजून मला म्हणते, "तुज्या बापानं चूक केली, पर तुजं कल्यान झालं."

तुम्हाला पत्र लिहायचं माझ्या मनात नव्हतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि ते पोचायला पत्ताही नाही. आज रविवार. सकाळी हा कागद काढला तो साहेबांसाठी, यादी शेजारी उलगडून ठेवली, शाई भरली, आणि वर 'साहेब' लिहायच्या ठिकाणी 'आबा' लिहिलं. तुम्हाला लिहिलं की मला कुणी काही विचारत नाही.