दहावा डबा

३ मार्च, सोमवार

नाही बदलणार! साहेबांच्या तोंडावर सांगून आले. फवाऱ्याचा आकडा चुकीचा होता, मी दुरुस्त केला. नकाशे काढायच्या आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत तो अडीच बार दाबाला बारा मीटर पाणी फेकतो म्हणे — शाळेच्या मैदानावर साडेनऊसुद्धा मुश्किलीनं! दोन फवाऱ्यांमधल्या गवताचे नुसते पिवळे पट्टे झालेत. साहेबांचं म्हणणं, जुना आकडा परत टाक, त्याच आकड्यावर तीस गिऱ्हाइकांना नकाशे गेलेत. मग गवत का वाळलं? "फिटरनं पाइप चुकीचे टाकले. त्याला काढू." म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर!

४ मार्च

यादीला हात लावायचा माझा अधिकार काढला. जुना आकडा साहेबांनी स्वतः परत भरला. आता मी फक्त बघायचं. बघतेच!

६ मार्च

सकाळी फिटरकाकांबरोबर मैदानावर. फवाऱ्यापासून एकेका मीटरवर रिकामे डबे मांडले, अर्धा तास पाणी सोडलं. दहावा डबा कोरडा ठणठणीत. काका म्हणाले, "बघ पोरी. आता पुढचं पाणी मी काय फुंकर मारून ढकलू?" हसता हसता डबे गोळा करू लागले. सोमवारी मालकांपुढे बैठक आहे आणि त्यात त्यांच्या नोकरीचा निकाल, हे त्यांना कळलंय.

घरी आई म्हणते, "तुला काय पडलंय? उद्या तुलाच काढतील." काढू देत! काकांच्या बोटांना वीस वर्षांत पाइपचा एक सांधा चुकलेला नाही.

७ मार्च

यादीतली प्रत्येक ओळ कोणी भरली, त्याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. संगणक विभागातल्या ताईंना ती काढून मागितली. ज्यानं पहिल्यांदा बारा भरले, त्याचं नाव भर बैठकीत घेणार. साहेबच असणार. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

८ मार्च

नोंद आली. चार वर्षांपूर्वीची. फवारा बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातला चार बार दाबाचा आकडा एक ओळ वर, अडीचसमोर पडलाय.

भरणारी मी. नोकरीचा दुसरा आठवडा.

ताई म्हणाल्या, "मी कुणाला दाखवलेलं नाही हं."

१० मार्च, सोमवार

नोंदीच्या पाच प्रती काढल्या. नाव भर बैठकीत घेणार म्हटलं होतं ना — घेणार.