सुपभर ज्वारीवर विकलेला

मेहकर
२९ मार्च १९६३

प्रिय वामन,

गुरुवार, १४ मार्च, सकाळचे साडेअकरा. सहा वर्षांच्या कडूबाला इथल्या कोर्टाच्या पायरीवर त्याच्या आईच्या हातातून ओढून बालगृहाच्या गाडीत घातलं. वेळ मी मुद्दाम घड्याळात पाहून ठेवली.

त्याची आई मनकर्णाबाई जानेफळच्या माझ्या शाळेत झाडलोट करायची. आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर आपल्या रीतीप्रमाणे तिने त्याला शेजारच्या अमीनाला सुपभर ज्वारीवर विकलं आणि दिवा लागायच्या आत परत पदराखाली घेतलं. सटवीला वाटावं, हे पोर हिचं नव्हेच. नावही कडूच ठेवलं. अमीना अजून त्याला हाक मारते, 'चल रे मेरे खरीदे हुए!' मागच्या महिन्यात तिने त्याला मेहकरच्या बाजारात आणलं. मुलांच्या खात्याच्या नव्या अंमलदाराने विचारलं, 'तू कोणाचा?' पोर ऐटीत म्हणालं, 'मायनं मले हिले इकलं.' तेवढ्यावर पोराच्या ताब्याचा खटला!

न्यायाधीश नुकतेच पुण्याहून आलेले. त्यांनी अमीनाकडे बोट करून विचारलं, 'मुलगा या बाईकडे कसा?' मनकर्णाबाईला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, 'म्या इकलं होतं, साहेब.' साहेब म्हणाले, 'काय ऐकलं होतं?' कारकून तत्परतेने उठला, 'ऐकलं नाही साहेब, विकलं म्हणते.' तिच्या बोलीचा अर्थ सरकारने एवढा एकदाच लावून दिला, तोही तिला बुडवायला. ती रडत सांगत होती, 'तो माहाच हाय जी, जगावं म्हून इकलं.' तर 'विचारलं तेवढंच बोल.' मी उठले. मला विचारलं, 'आपण वकील आहात का?' नाही म्हटल्यावर खाली बसवलं. सरकारच्या बाजूला मात्र काळा कोट होता, आणि तो एकदाही तोंड उघडायची गरज न पडता जिंकला.

मग मी तिच्या नावाने मुंबईला अर्ज केला, की हिला सरकारी खर्चाने वकील द्या. माझ्या पेन्शनीत वकील बसत नाही, तुला ठाऊक आहे. उत्तर इंग्रजीत आलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून मला तरी कळलं. तिने कुणाकडून वाचून घ्यायचं होतं? म्हणे अशी सोय फाशीच्या खटल्यातल्या आरोपीला. अर्जदार आरोपी नाही. म्हणजे पोराचा गळा घोटला असता तर सरकारने तिला वकील दिला असता. ते जगवलं, म्हणून नाही.

वामन, त्या उत्तराखाली सही तुझी आहे. अर्जावर माझं नाव नव्हतं, म्हणून ओळखलं नसशील; पण जानेफळ तर वाचलंस? मुंबईचा दुसरा साहेब असता तर मी एवढी चिडले नसते. तुझ्या आईनेही तुला शेजारच्या रुखमाबाईला मूठभर तुरीवर विकलं होतं, तुझ्या बारशाला सगळी आळी त्यावर हसली होती. तिला कुणी कोर्टात ओढलं नाही, कारण घरात तुझे वडील वकील होते. पोर तूर्त बालगृहात आहे, निकालाची तारीख १५ एप्रिल. त्या दिवशी पोर कायमचं जाईल. मनकर्णाबाईला वकील देणार की नाही, हे १० एप्रिलच्या आत मला लेखी कळव. मराठीत. नाही म्हणायचं असेल तर कारणही लिही. ते मला तिला वाचून दाखवायचं आहे.

तुझीच, आणि या घटकेला फार रागावलेली,
गीतामावशी